वेंधळ्याची फेरी

सत्र सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात जपून सर वेंधळे व्हायचे.

एरवी माणूस असा, की खिशाला पेन लावताना टोपण बसलंय का हे दोनदा चाचपून बघेल. पण त्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या रिकाम्या प्रयोगशाळेत शिरले की ते ॲप्रनची बटणं खालीवर लावत. प्रयोगाचा कागद न वाचताच ओल्या ओट्यावर टाकत. मग खिडकीबाहेर बघत, डाव्या हातानं, गाडी चुकतेय अशा घाईनं प्रयोगाला लागत. आम्लाची धार चंबूच्या तोंडात जायच्या ऐवजी मानेवरून ओघळायची. काचकांडी घरंगळत ओट्याच्या कडेला जाऊन थांबायची, आणि कधीकधी थांबायचीही नाही.

याला ते वेंधळ्याची फेरी म्हणत. मुलांच्या हातात जो प्रयोग द्यायचा, तो आधी सगळ्यात बावळट मुलाच्या हातानं करून बघायचा. कुठं सांडतं, कुठं भाजतं, कुठं फुटतं ते बघायचं. मग होण्याची शक्यता किती आणि झालंच तर किती वाईट, असे दोन आकडे मांडून त्यांचा गुणाकार करायचा. आकडा मोठा आला तर उपाय शोधायचा आणि पुन्हा एकदा वेंधळं व्हायचं.

प्रयोगशाळेतले मदतनीस मामा उंच स्टुलावर बसून हा खेळ बघत. पायाशी पाण्याची बादली, मांडीवर फडकं.

"आज कोण आलंय, सर?"

"प्रेमात पडलेला."

"मग मोबाइल कुठाय तुमचा? प्रेमात पडलेला एका हातानं आम्ल ओततो आणि दुसऱ्या हातानं 'जेवलीस का' विचारतो."

"हां. बरोबर." सरांनी मोबाइल काढला, खांद्यानं कानाशी दाबला आणि लाजल्यासारखं हसले. पन्नाशी ओलांडलेला, नाकावर रोजच्या चष्म्यावर सुरक्षा चष्मा चढवलेला माणूस लाजला, तेव्हा मामांना इतकं हसू फुटलं की स्टूल डुगडुगलं.

"मामा, जपून!"

"बघा, सर लगेच परत आले. तो बिचारा पळाला."

असे बरेच जण होते. झोपाळू, शेजारच्याचं बघून करणारा, 'मला सगळं येतं' म्हणणारा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विनोद करणारा. सर प्रत्येकाला ओळखत होते. इतकी वर्षं मुलांचे हात बघण्यातच गेली होती.

'जपून' हे नाव मुलांनीच पाडलं होतं. सरांचं एकही वाक्य त्या शब्दावाचून पुरं होत नसे. जपून ओता, जपून धरा, नळ जपून सोडा. जिन्यात कुणी दोन पायऱ्या एकदम उतरला की मागून कुणीतरी सरांच्या आवाजात 'जपूऽन' म्हणायचा आणि सगळा जिना खिदळायचा. सरांना ते माहीत होतं. पोरं हसतात का होईना, शब्द तर तोंडात बसला, असं ते म्हणत. मुलांना त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. त्यांच्या कारकिर्दीत त्या ओट्यांवर कुणाला फोड येण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

ते स्वतः तर इतके जपून जगले होते की दाढी करताना कधी कापलं नव्हतं. घरी त्यांची मोठी विधवा बहीण होती, आक्का. ती म्हणायची, "तुला काही होत नाही, कारण तू काही करत नाहीस." तरुणपणी एकदा लग्नाचं जुळत आलं होतं. मुलगी हसरी होती, मोटारसायकल चालवायची. सरांना ती आवडली होती. पण तिची नोकरी लांबच्या गावी, तिच्या वडिलांना दम्याचा त्रास, त्यात ती मोटारसायकल. सर विचार करत राहिले. आक्का अजून तो विषय काढून हसायची. "हा तिचीही जोखीम काढत बसला. तोवर तिनं दुसऱ्याला मागं बसवलं आणि गेली भुर्रकन."

आणि सरांना हसण्यावारी नेता येणार नाही अशी गोष्ट म्हणजे विभागातही तेच झालं होतं.

सर धोका लिहीत आणि त्याच्यापुढं उपाय लिहीत. विषारी धूर ओढून नेणारं कपाट नीट ओढत नाही, पंखा बदला. अंगावर आम्ल सांडलं तर लागणारा आंघोळीचा फवारा गंजलाय, नवा बसवा. वरची मंडळी धोका तेवढा वाचत आणि उपाय म्हणून प्रयोगच काढून टाकत. ईथरचा प्रयोग असा गेला. ब्रोमीनचा गेला. सोडियमचा तुकडा पाण्यावर पळताना बघून मुलांच्या तोंडातून जो आवाज निघायचा, तोही गेला. जो जाई त्याच्या जागी एक चित्रफीत येई. तीत कुणाचे तरी हातमोजे घातलेले हात बिनचूक ओतत, बिनचूक ढवळत. खाली बसलेली मुलं जांभया देत उत्तर उतरवून घेत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला काडी ओढून बर्नर पेटवता येईना, हे सरांनी डोळ्यांनी बघितलं. ती घाबरून मामांना हाक मारत होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. एकेक धोका शोधून देणारे हात त्यांचेच होते.

आता हातानं करायचा एकच प्रयोग उरला होता. नारिंगी रंग बनवायचा, मिथिल ऑरेंज. आम्लात घातला की लाल होतो, अल्कलीत पिवळा. सरांची निवृत्ती जवळ आली होती, आणि आपण जाताना निदान हा एक प्रयोग मुलांच्या हातात राहावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. दुसरी काही नव्हती.

विभागप्रमुख मॅडमनी त्यांना बोलावलं. खुर्चीचं एक चाक तुटलेलं, त्यामुळं मॅडम जरा तिरक्या बसत. टेबलावर फायलींपेक्षा गोळ्यांच्या पट्ट्याच जास्त.

"सर, हाही काढूया का? वरून विचारणा आहे. त्याची चित्रफीत छान आहे, मी बघितली."

"मॅडम, हा राहू द्या."

"तुम्ही म्हणताय?" मॅडमनी गोळी पाण्याबरोबर गिळली. "आजवर एकेक धोका तुम्हीच तर शोधून दिलात. मी वर भांडायला गेले की तुमचाच कागद माझ्या तोंडावर फेकतात. आता तुम्हीच म्हणता राहू द्या?"

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते म्हणाले, "हा मी तपासलाय. सगळ्या वेंधळ्यांनी करून झालाय. एक तरी असू द्या, मॅडम. बर्फात हात घातल्याशिवाय थंड म्हणजे काय ते कसं कळणार?"

मॅडम थकल्यासारख्या हसल्या. "मग लिहून द्या. खाली सही तुमची. काही झालं तर मी सांगणार की सरांनी तपासलं होतं. मला दुसरं काही म्हणताच येणार नाही, हे तुम्हाला माहितीये."

"माहितीये."

"विचार करा. शेवटचं सत्र आहे तुमचं. कशाला जीव टांगणीला लावून घेता?"

सरांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जोखीम मोजली आणि घेतलीही.

घरी आक्काला सांगितलं, तर ती गॅसपाशी उभी होती. पाणी उकळत होतं. तिला अलीकडं कमी दिसायचं, बसल्या बसल्या डुलकीही लागायची. म्हणून सरांनी शेगडीच्या वर कागद चिकटवला होता: एकटी असताना पेटवू नये.

"सही केलीस? तू?" आक्कानं कपाळाला हात लावला. "आज सूर्य कुठल्या दिशेला उगवला होता, बघून ठेवायला हवं होतं."

"चेष्टा करू नकोस, आक्का."

"चेष्टा नाही रे. बरं वाटलं. जन्मभर सगळ्यांना मागं ओढत आलास, एकदा तरी कुणाला पुढं ढकललंस."

त्या रात्री सर प्रयोगाची उजळणी करत पडून राहिले. अवघड जागा एकच होती. पहिल्या टप्प्यात बर्फात एक पांढरा लगदा तयार होतो. ओला आणि गार असेपर्यंत तो गरीब गाय असतो. वाळला की माणसात राहत नाही. घासला, खरवडला की फुटतो. वेंधळ्याच्या फेरीत हे सापडलं होतंच. प्रेमात पडलेल्यानं लगदा ओट्यावर सांडला आणि तसाच सोडून गेला. दुपारपर्यंत कडेला पांढरी खपली धरली. मामांनी लांबूनच त्यावर ओलं फडकं टाकलं, तेव्हा दोघांनी श्वास सोडला. म्हणून प्रत्येक ओट्याखाली पाण्याची बादली आली, आणि प्रयोगाच्या कागदावर जाड ठशात ओळ आली: सांडलेला लगदा वाळू देऊ नका, लगेच ओल्या फडक्यानं पुसा. सगळी भोकं बुजवली होती. सरांनी कूस बदलली आणि झोपले.

प्रयोगाचा दिवस उजाडला. उपाहारगृहातून मामांनी बर्फाची पोती आणली. मुलं ॲप्रन चढवून आली. सुरक्षा चष्मे सरांनी दारातच एकेकाच्या डोळ्यांवर चढवले, पट्टे ओढून बघितले. "काढायचा नाही. घाम आला तरी नाही, खाज आली तरी नाही."

"सर, फोटोपुरता?"

"फोटोत तू असाच बरा दिसतोस."

मग एका ओट्यावर, पाठोपाठ दुसऱ्यावर रंग आला. पांढऱ्या लगद्यात दुसरं द्रावण पडलं आणि आत कुणी पणती लावावी तसा लाल उजेड झाला. त्यात अल्कली पडली, तसा तो पिकत पिकत नारिंगी झाला. एका पोरानं 'आईशप्पथ' म्हटलं आणि जीभ चावली. झोपाळूसुद्धा जागा झाला. सर मधल्या वाटेवर उभे राहून नुसते बघत होते. त्यांचा खालचा ओठ हलत होता. मामांनी हळूच कोपरानं ढोसलं, "सर, तोंड मिटा, माशी जाईल."

कोपऱ्यातल्या ओट्यावर एक मुलगी होती. मुलं तिला मोजपट्टी म्हणत. तिच्या वहीतली प्रत्येक रेघ पट्टीनं ओढलेली असे, अगदी चुकलेल्या शब्दावरची काटसुद्धा. वडील शिंपी, त्यामुळं नेमकेपणा घरातूनच आलेला. हात सावकाश चाले, पण एक थेंब सांडत नसे. सर कोपऱ्याकडं क्वचितच बघत. तिथं बघण्यासारखं काही नसायचंच. अशी मुलं असली की त्यांचा जीव गार व्हायचा. त्यांच्यावरचं लक्ष काढून ते विनोद करणाऱ्यावर ठेवत.

मुलांनी नारिंगी स्फटिक गाळले, धुतले, गाळणकागदावर पसरून ओट्याखालच्या आपापल्या कप्प्यात ठेवले. कागदावर लिहिलंच होतं: वाळवा, पुढच्या तासाला वजन करा. मोजपट्टीनंही ठेवले. पण तिच्या कप्प्यात दोन पुड्या गेल्या. गेल्या सत्रात सरांनीच फळ्यावर लिहून सगळ्यांकडून म्हणवून घेतलं होतं, की माल कुठं वाया गेला ते कळायचं असेल तर प्रत्येक टप्प्याला गाळा, वाळवा, वजन करा. बाकीच्या मुलांनी ते परीक्षेपुरतं म्हटलं. तिनं मनात ठेवलं. म्हणून पांढऱ्या लगद्याचाही एक वाटा तिनं बाजूला काढला, गाळला, गार पाण्यानं धुतला, कागदात निगुतीनं घडी घालून ठेवला. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. सांडलेलं वाळू द्यायचं नाही, हे तिनं वाचलं होतं. तिनं काही सांडलं नव्हतं.

पुढच्या तासाला मुलं वजनाच्या रांगेत होती. सर दारात चष्मे चढवत होते. कोपऱ्यातून आवाज आला. फार मोठा नव्हता. लाकडी पट्टी टेबलावर जोरात आपटावी तसा. दोघातिघांना तर विनोद करणाऱ्यानं काहीतरी केलं असंच वाटलं, ते हसले.

मग मोजपट्टी म्हणाली, "सर." एवढंच. वर्गात शंका विचारावी तशा आवाजात.

तिनं पोलादी चमची घेऊन कागदावरची पांढरी पूड खरवडायला सुरुवात केली होती. चमची छताला जाऊन लागली होती. चष्म्याच्या काचेवर तडे गेले होते, मागचे डोळे धड होते आणि ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. तो हात आता तिच्या ओळखीचा नव्हता.

सर धावले. हात नळाखाली, मनगट आवळलेलं, फडक्यावर फडकं. मामा जिन्यावरून ओरडत खाली गेले. सरांची बोटं तिच्या मनगटावर इतकी घट्ट रुतली होती की रुग्णवाहिकेतल्या माणसाला ती एकेक करून सोडवावी लागली. आयुष्यभर कापू न दिलेल्या त्या हातांवर पहिल्यांदाच रक्त होतं आणि ते त्यांचं नव्हतं.

तर्जनी आणि मधलं बोट गेलं. अंगठा वाचला. डोळे वाचले. जो तो येऊन सरांना हेच सांगत होता, की सर, तुमच्या चष्म्यानं पोरीचे डोळे वाचले. सर मान हलवत होते.

संध्याकाळी प्रयोगशाळेत ते आणि मामाच उरले. मामा ओटा पुसत होते, पुसून झालेला तोच भाग पुन्हा पुसत होते.

"मामा, आपण सगळे वेंधळे आणले की नाही इथं?"

"आणले, सर."

"वेंधळा काही वाळवतो का हो?"

मामांनी फडकं पिळलं. "नाही वाळवत. त्याचं सगळं ओलंच राहतं."

"मला नीट काम करणारी आणायला पाहिजे होती एकदा. ती आणलीच नाही. तिची भीतीच कधी वाटली नाही." सर ओट्याच्या कडेला टेकले. "मी जे सांगितलं ते सगळंच्या सगळं जी करते, ती काय काय करेल, हे बघायचं राहून गेलं."

चौकशीला बाहेरून दोन साहेब आले. सभ्य माणसं. त्यांनी जाड ठशातली ओळ वाचली आणि एक म्हणाले, "लगदा वाळू देऊ नये असं इथं स्पष्ट आहे की. विद्यार्थिनीनं सूचना मोडली."

"सांडलेला वाळू देऊ नये असं आहे," सर म्हणाले. "तिनं सांडला नव्हता. तिनं सगळं बरोबर केलं. वाळवून वजन करायला मीच शिकवलंय. चूक माझी लिहा."

मॅडम टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय देत होत्या. बाहेर आल्यावर त्या कळवळून म्हणाल्या, "स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात दोरी का घालून घेता, सर?"

"दोरी माझ्या गळ्यात पडली तर प्रयोग सुटेल, मॅडम. प्रयोग वाईट नाही. मी एक ओळ चुकलो. ओळ बदलली की झालं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण दोरी त्यांच्या गळ्यात पडली नाही. मुलीचाही दोष निघाला नाही. निकाल आला तो असा, की प्रयोग मुळातच धोक्याचा आहे, म्हणून बंद करावा. प्रयोगशाळेच्या जागी संगणकांची खोली करावी. आणि सुरक्षा चष्म्यांचा आग्रह धरल्याबद्दल सरांचं कौतुक करण्यात येत आहे. मॅडमनी तो कागद त्यांच्या हातात देताना नजर दुसरीकडं वळवली. सरांनी तो दोनदा वाचला. एक साधी शिक्षासुद्धा त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

सर मोजपट्टीच्या घरी गेले. पुढच्या खोलीत वडिलांचं शिवणयंत्र, भिंतीशी कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावलेले. शिंप्यानं यंत्र थांबवलं, खुर्ची पुसून दिली. आरडाओरडा केला नाही. केला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"बसा, सर. आत आहे ती. बोलावतो."

ती आली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला. सरांना बघून उभीच राहिली, वर्गात उभी राहायची तशी.

"सर, मी कुठं चुकले?"

"तू नाही चुकलीस."

"मग?"

सरांनी तोंड उघडलं. माझी चूक झाली, असं म्हणायचं ठरवूनच ते आले होते. म्हणालेही. ती मान तिरकी करून ऐकत राहिली आणि ते तिला पटलं नाही हे स्पष्ट दिसलं. ज्याच्या प्रत्येक शब्दाबरहुकूम हात चालवला तो माणूस चुकला, हे तिच्या हिशेबात बसेना. ती आतून वही घेऊन आली. पुन्हा पुन्हा करून बघितलेलं गणित तिनं त्यांच्यापुढं ठेवलं. डाव्या हातानं लिहिलेले आकडे, आणि त्यांच्याखाली रेघ. पट्टी दाबून धरायला दुसरा हात लागतो. रेघ मध्येच घसरली होती.

"शोधतेय मी," ती म्हणाली. "कुठली तरी पायरी सुटली असेल माझ्याकडून."

"सोड ते, बाळ."

"सोडून कसं चालेल, सर?"

शिंपी म्हणाला, "शिवणाचं तिला येतं थोडं. पुढं माझ्या हाताखाली घेणार होतो, कॉलेज झाल्यावर काही नाही जमलं तर." मग बोलायला नको होतं असं वाटून त्यानं यंत्राचं चाक हातानं उलटं फिरवलं.

निघताना तिनं एक छोटी किल्ली सरांच्या हातात दिली. "माझा कप्पा रिकामा करायचा राहिलाय. दुसऱ्या कुणाला लागेल. मी आता नाही येणार."

घरी पोचले तर स्वयंपाकघर गार होतं. आक्का शालीत गुरफटून बसलेली. पुढ्यात पाव, आणि कपात पाणी.

"चहा नाही केलास?"

"तू नव्हतास ना." तिनं शेगडीच्या वरच्या कागदाकडं बोट दाखवलं. "एकटी असताना पेटवत नाही मी. तू लिहिल्यापासून एकदाही नाही."

"अगं, इतक्या थंडीत? दिवसभर?"

"तुझ्या डोक्याला घोर नको म्हणून. नाहीतर मला काय भीती आहे?" ती हसली, पण दात वाजत होते. सरांनी गॅस पेटवला. पहिली काडी विझली.

सत्र संपता संपता ओटे उखडायला माणसं आली. बर्नरच्या नळ्या बंद झाल्या. तराजू दुसऱ्या विभागात गेले. अर्ध्या खोलीत संगणक लागलेसुद्धा, आणि मॅडमनी सरांना शेवटचं काम दिलं, की या खोलीचे धोके लिहून द्या. सर एका खुर्चीवर बसले. समोर पडद्यावर नारिंगी रंगाची चित्रफीत कुणीतरी लावून ठेवली होती. हातमोज्यांतले हात पांढरा लगदा बर्फात ढवळत होते. त्या हातांकडून एकदाही काही सांडलं नाही.

"वेंधळे व्हा ना, सर," मामा म्हणाले. "शेवटची फेरी."

सर उठले. खुर्चीला पाय अडकवून बघितला, एक वायर ओढून बघितली. मग मधेच थांबले. त्यांना ते जमेना.

"काय लिहिलंत?"

"वायर पायात अडकू शकते."

"आणि?"

"आणि काही नाही."

कोपऱ्यातला ओटा अजून शाबूत होता. सरांनी किल्लीनं कप्पा उघडला. चौकशीवाल्यांनी आत डोकावून, धोक्याचं काही नाही म्हणून तो पुन्हा लावून घेतला होता. आत कागदाच्या बारक्या पुड्या रांगेनं लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर नाव, तारीख, वजन, आणि खाली पट्टीनं ओढलेली रेघ. गेल्या दोन सत्रांत, प्रयोग बंद होण्याआधी तिनं हातानं केलेला प्रत्येक प्रयोग, त्याच्या प्रत्येक टप्प्याचा माल, गाळून, धुवून, वाळवून. सगळा निरुपद्रवी. असा माल कुणी ठेवत नाही, वजन झालं की टाकून देतात. सरांनी एक पुडी उचलून तळहातावर तोलली आणि सवयीनं तराजूच्या कोपऱ्याकडं वळले. तिथं भिंतीवर फक्त चौकोनी डाग होता.

"ठेवायच्या का?" मामांनी विचारलं.

"कुठं ठेवणार?"

"मग टाकू डब्यात?"

"असं नाही टाकायचं." नियम सरांनीच केला होता. कसलीही कोरडी पूड टाकण्याआधी ओली करायची. त्यांनी बादली नळाखाली भरून घेतली आणि पुड्या एकेक करून पाण्यात सोडायला लागले. कागद आधी तरंगायचा, मग कडेनं भिजत खाली जायचा. अक्षरं निळी होऊन पसरत होती. रेघा सगळ्यात शेवटी गेल्या.

"जपून, सर," मामा म्हणाले, कारण सरांची बाही पाण्यात गेली होती.

सरांनी ती वर ओढली नाही.